अंधारातून आलेली हाक

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १६ : २५-३४



फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या ह्या वृत्तांतावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले असतील. मध्यरात्रीची स्तोत्रे, भूमिकंप, आपोआप उघडलेली दारे, गळून पडलेल्या बेड्या आणि शेवटी बंदिशाळेच्या नायकाचा सहकुटुंब बाप्तिस्मा. उपदेशक बहुधा स्तोत्रांपासून निघतो आणि बाप्तिस्म्यापाशी पोहोचतो. वाटेतले सत्ताविसावे वचन तो घाईने ओलांडतो. मीही ते कैक वर्षे ओलांडले. त्या वचनात एक माणूस तलवार उपसून उभा आहे, आणि ती तलवार त्याने कोणा शत्रूवर नव्हे, तर स्वतःवर उपसलेली आहे.

हा माणूस कोण? त्याचे नाव लूक देत नाही. पण फिलिप्पै हे कसले नगर होते ते आपल्याला ठाऊक आहे. ख्रिस्तपूर्व ४२ साली ह्या नगराजवळ रोमी सेनांची मोठी लढाई झाली. त्यानंतर विजयी सेनापतींनी आपल्या निवृत्त सैनिकांना तेथे जमिनी देऊन वसविले. म्हणूनच बाराव्या वचनात लूक त्या नगराला रोमी वसाहत म्हणतो. बंदिशाळेचा नायक पूर्वी सैनिक होता असे पवित्र शास्त्र स्पष्ट सांगत नाही. पण सैनिकांच्या नगरात पहाऱ्याचे काम कोणाच्या वाट्याला येत असेल, हे ओळखणे कठीण नाही. आजही आपल्याकडे बँकेच्या दाराशी, गिरणीच्या फाटकाशी आणि गोदामाच्या पायरीवर कोण बसलेले दिसते? काल सरहद्दीवर उभा असलेलाच कोणीतरी.

आता त्याच्या मनात काय चालले होते ते पाहा. तो झोपेतून दचकून उठला. दारे उघडी दिसली. बंदिवान निसटले असेच त्याने गृहीत धरले. पहारेकऱ्याच्या हातून बंदिवान निसटला तर काय होते, हे त्याला माहीत होते. पेत्र सुटून गेल्यावर हेरोदाने पहारेकऱ्यांना मारून टाकण्याचा हुकूम दिला, ही हकीगत ह्याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. पण त्या रात्री फिलिप्पैत कोणीही ह्या माणसावर आरोप ठेवलेला नव्हता. कोणी अधिकारी आला नव्हता, चौकशी झाली नव्हती. त्याने आत जाऊन बंदिवान मोजलेसुद्धा नव्हते. अंधारात एकट्याने उभे राहून तो स्वतःच फिर्यादी झाला, स्वतःच न्यायाधीश झाला, आणि आता स्वतःच शिक्षा देणार होता. आणि ज्या गोष्टीसाठी तो मरायला निघाला होता, ती गोष्ट खरी नव्हतीच. निराशा अशीच असते. ती उघडे दार पाहते आणि सर्व गेले असा निकाल देऊन टाकते.

बंधुभगिनींनो, हे मी कोणा दूरच्या लोकांविषयी लिहीत नाही. आपले बऱ्हाणपूर हे फौजांचे जुने गाव. दक्षिणेचा दरवाजा म्हणून त्याची ख्याती. असीरगडाखालून किती सेना आल्या आणि गेल्या! आजही आपल्या तापीकाठच्या गावांतून, तसेच पलीकडे रावेर-भुसावळकडच्या घरांतून मुले फौजेत जातात. कोणी सागरला महार रेजिमेंटच्या केंद्रात, कोणी जबलपूरला, कोणी बेळगावला. साधा शिपाई चाळिशीच्या आसपासच घरी परततो. स्टेशनावर हार घालायला सारे जमतात. पण नंतर काय? पंधरा-वीस वर्षे ज्याचा दिवस बिगुलावर उगवला, त्याला आता उठण्याचे कारण उरत नाही. ज्या सोबत्यांसाठी त्याने जीव दिला असता, ते चार प्रांतांत पांगलेले असतात. मुले त्याच्यावाचून मोठी झालेली असतात. पत्नीने त्याच्यावाचून घर चालविण्याची सवय केलेली असते. काही गोष्टी त्याने पाहिलेल्या असतात, त्या तो कोणाला सांगत नाही, आणि रात्री त्याला झोप येत नाही.

आमच्या घरी असे एक माणूस होते. ते माझे मामा. १९७१ च्या युद्धात ते होते. फौजेतून आल्यावर त्यांनी रखवालदारी केली. मी नववीत असताना परीक्षेच्या अभ्यासासाठी त्यांच्याकडे राहत असे. रात्री दोन-अडीच वाजता जाग आली की ओसरीवर त्यांच्या चपलांचा आवाज येई. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा मागे. पहारा दिल्यासारखा. मला वाटे, फौजेतली सवय असेल. घरातल्या मोठ्यांनाही तसेच वाटे. त्या वर्षी पावसाळ्यात मामांनी आपला जीव दिला. लोकांना अपघात म्हणून सांगण्यात आले. दफनविधी भर दुपारी, घाईने उरकला. कोणी कुजबुजले की अशा मरणाला स्तोत्रे कशाला म्हणायची. मामी ते ऐकत होत्या. पुढे कित्येक वर्षे त्या उपासनेला आल्या तरी शेवटच्या बाकावर बसत आणि आशीर्वाद होण्यापूर्वीच निघून जात.

मी पुढे वेदशास्त्राचा डिप्लोमा केला, उपदेश करू लागलो. आत्महत्या हे पाप आहे असे व्यासपीठावरून सांगितलेही. जीवन हे देवाचे दान आहे, ते आपण फेकून द्यायचे नाही, हे सत्यच आहे, आणि ते मी आजही सांगेन. पण एक दिवस ह्या सत्ताविसाव्या वचनापाशी मी थांबलो आणि माझ्या लक्षात आले की तलवार उपसलेल्या माणसापुढे पौलाने पापाविषयी एकही वाक्य उच्चारले नाही. अठ्ठाविसाव्या वचनात तो काय करतो ते आपण नीट पाहू या.

पहिली गोष्ट : पौलाने मोठ्याने हाक मारली. त्याची स्थिती कशी होती? तो आतल्या बंदिखान्यात होता, पाठ फटक्यांनी सोललेली होती, आणि काळोख इतका की पुढे नायकाला दिवे मागवावे लागले. तो धावत जाऊन त्या माणसाचा हात धरू शकला नाही. जेथे पौलाचा हात पोहोचत नव्हता, तेथे त्याचा आवाज पोहोचला. त्या माणसाने पौलाचे तोंड पाहिले नाही. अंधारातून केवळ एक आवाज आला, आणि तेवढ्याने तलवार थांबली.

आपल्या काळात हीच गोष्ट दूरध्वनीच्या तारेवरून घडली आहे. इंग्लंडात चॅड व्हारा नावाचे अँग्लिकन पाळक होते. १९३५ साली त्यांना एका कोवळ्या मुलीचा दफनविधी करावा लागला. शरीरात होणाऱ्या नैसर्गिक बदलाचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. आपल्याला भयंकर रोग जडला असे समजून तिने जीव दिला होता. तीही फिलिप्पैच्या नायकासारखीच, जे खरे नव्हते त्यासाठी मेली. ते दुःख त्या पाळकांनी विसरू दिले नाही. १९५३ साली लंडनमधल्या आपल्या मंदिरात त्यांनी एक टेलिफोन ठेवला आणि जीव द्यावासा वाटणाऱ्यांनी आधी येथे बोलावे असे जाहीर केले. लोक फोन करू लागले, प्रत्यक्षही येऊ लागले. पाळकांची भेट होईपर्यंत मंडळीतले साधे लोक त्यांना चहा देत आणि त्यांचे ऐकत बसत. थोड्याच दिवसांत असे दिसून आले की पुष्कळांना पाळकांना भेटण्याची गरजच उरत नाही. कोणीतरी ऐकले, तेवढ्याने त्यांचे ओझे हलके होई. तेव्हा त्यांनी ते काम ह्या साध्या लोकांच्याच हाती सोपविले. ‘समॅरिटन्स’ ह्या संस्थेचा आरंभ असा झाला.

अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी २००७ साली स्वतंत्र दूरध्वनी सुरू झाला. आवाज काढून बोलणे ज्यांना जमत नाही, त्यांना संगणकावरून लिहून बोलता यावे अशी सोय २००९ पासून झाली. आपल्या भारतात १० ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारने ‘टेली-मानस’ ही सेवा आरंभिली. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य. वीस भाषांची सोय आहे, त्यांत मराठी आहे, हिंदी आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकतो. गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो, आणि जवळच्या उपचाराची वाट दाखवितो. पुढे १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सेनादलांतील लोकांसाठी ह्याच सेवेचा खास कक्ष दोन वर्षांच्या प्रायोगिक मुदतीने सुरू करण्यात आला. शरीराच्या जखमेइतकीच मनाची जखमही खरी आहे, असे सेनादलांनी त्यातून मान्य केले. १४४१६ हा क्रमांक मात्र सर्वांसाठी आहे. त्यासाठी कोणाची चिठ्ठी लागत नाही, पेन्शनबुक दाखवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट : पौल स्पष्ट बोलला. त्याने आडवळण घेतले नाही. स्वतःला इजा करून घेऊ नकोस, असे त्याने त्या गोष्टीचे नाव घेऊन सांगितले. आपण मात्र भितो. विचारले तर त्याच्या मनात नसलेला विचार येईल, असे आपल्याला वाटते. ह्या कामातले जाणकार सांगतात की असे होत नाही. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट दडपलेल्या माणसाला बोलण्याची वाट मिळते. आपल्या गावाचा कुंडी भंडारा आपण पाहिला आहे. जहांगीर बादशहाच्या काळचे ते काम. वरून पाहावे तर कोरडी जमीन आणि कुंड्यांची रांग, आणि खाली खोल काळोखात पाणी सतत वाहते आहे. कुंडीच्या काठाशी वाकून पाहिल्यावाचून ते दिसत नाही. माणसाचे दुःख असेच वाहते. कोणीतरी वाकून पाहावे लागते. मामांच्या ओसरीवर आम्ही कोणी वाकून पाहिले नाही.

तिसरी गोष्ट : पौलाने त्याला सत्य सांगितले. आमच्यापैकी एकही गेलेला नाही, आम्ही सारे आहोत. पाहा, त्याने वादविवाद केला नाही. तुझ्यापेक्षा आमचे दुःख मोठे आहे, आमच्या पाठी बघ, असेही म्हटले नाही. ‘आम्ही आहोत’ एवढेच सांगितले. आणि ते खरे होते. दारे उघडी असून ते थांबले होते. मंडळी जर एखाद्याला ‘आम्ही आहोत’ असे म्हणणार असेल, तर तिने खरोखर तेथे असले पाहिजे.

आता मला एक हकीगत सांगायची आहे. ज्यांची आहे त्यांनी सांगण्यास मोकळीक दिली आहे. त्यांची ओळख पटेल असे काही मी ठेवलेले नाही. एका रविवारी उपासना संपल्यावर एक निवृत्त हवालदार माझ्याकडे आले. हातात पत्र्याची लहान पेटी होती. म्हणाले, “भाऊ, ही माझी पदकं. मंडळीच्या कपाटात ठेवा. शब्बाथशाळेच्या मुलांना दाखवायला होतील.” मला आनंद झाला. मी त्यांचे आभार मानले, पेटी घरी आणली आणि टेबलावर ठेवली. माझ्या पत्नीने ती उघडून पाहिली आणि म्हणाली, “अहो, माणूस जिवंतपणी आपली पदकं कोणाला देतो का?”

मी पुढे जेवू शकलो नाही. रात्री नऊच्या सुमारास त्यांच्या घरी गेलो. वहिनी माहेरी गेल्या होत्या. ते एकटेच होते. मी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या, केळीच्या भावाच्या काढल्या. माझी जीभ वळेना. मग मामांच्या चपलांचा आवाज मला आठवला आणि मी विचारले, “दादा, जीव द्यायचा विचार आहे का मनात?” ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आहे.” आणखी थोड्या वेळाने म्हणाले, “आजवर कोणी विचारलं नव्हतं.”

मी उपदेशक आहे, पण त्या क्षणी माझ्याजवळ उपदेश नव्हता. मी प्रार्थना केली, ती चार शब्दांची होती. मग माझ्या फोनवरून १४४१६ लावला आणि फोन त्यांच्या हाती दिला. भाषा विचारली तेव्हा त्यांनी मराठी न घेता हिंदी घेतली. नंतर म्हणाले, “फौजेतलं दुःख फौजेच्या भाषेत सांगायला बरं वाटलं.” मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, शब्द ऐकू येणार नाहीत एवढ्या अंतरावर, पण त्यांना मी दिसेन असा. पाऊण तासाने ते बाहेर आले. त्या रात्री मी तेथेच झोपलो. सकाळी वहिनींना बोलावून घेतले. त्यांच्याजवळ परवान्याची बंदूक होती, ती नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केली. त्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो, औषध सुरू झाले.

सर्व लगेच सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. औषधाने गुण यायला काही आठवडे लागले. अजूनही काही रात्री ते जागे असतात. कधी १४४१६ ला फोन करतात, कधी मला. पण ते आहेत. पत्र्याची पेटी मी परत नेऊन दिली. मागच्या प्रजासत्ताकदिनी त्यांनी पदके स्वतःच्या छातीवर लावली होती.

ह्या वृत्तांतात आणखी एक गोष्ट आहे, ती विसरू नये. आवाज ऐकून नायकाने काय केले? त्याने दिवे मागविले आणि थरथर कापत आत आला. आवाजाने तलवार थांबली, पण पुढचे काम आवाजाने झाले नाही. दिवे लागले, माणसे समोरासमोर आली, जखमा धुतल्या गेल्या, पंगत मांडली गेली, घरातली सर्व मंडळी एकत्र बसली. दूरध्वनी रात्री दोन वाजता जागा असतो, आणि तेव्हा बहुधा दुसरे कोणी जागे नसते. ही त्याची थोरवी आहे. शेजारी पाहतील, गावात बोभाटा होईल, ह्या भीतीने जो दवाखान्याची पायरी चढत नाही, तो अंधारात फोन करू शकतो. पण फोन चहा करून देत नाही. फोन शेजारच्या बाकावर येऊन बसत नाही. ते आपले काम आहे.

एलीयाला रतामाच्या झुडपाखाली मरण मागावेसे वाटले तेव्हाही (१ राजे १९) देवाने आधी रागावून विचारले नाही. त्याला झोपू दिले, भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. मग त्याचे गाऱ्हाणे ऐकले, तेही दोनदा. आणि शेवटी त्याला अलीशा दिला, म्हणजे सोबती दिला. झोप, अन्न, ऐकणारा कान आणि सोबत. मंडळीला ह्यातले काय अशक्य आहे?

म्हणून माझी विनंती आहे. आपापल्या मंडळीत फौजेतून आलेले किती बंधू आहेत त्यांची नावे लिहून काढा. त्यांच्या घरी जा, केवळ १५ ऑगस्टला नव्हे. कोणी रात्र-रात्र जागत असेल, दारू वाढली असेल, आपल्या वस्तू वाटू लागला असेल, माझ्यावाचून सर्वांचे बरे चालेल असे म्हणू लागला असेल, तर ते थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा. त्याला एकटे ठेवू नका. घरातील घातक वस्तू दूर ठेवा. १४४१६ हा क्रमांक मंदिराच्या फळ्यावर लिहा, आणि १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी जी आरोग्य योजना आहे, तिच्या दवाखान्यात त्याच्याबरोबर जा. पोलिसांच्या भीतीने काही लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच मानले जाते. त्याला शिक्षेची नव्हे, उपचाराची गरज आहे हे आता कायदासुद्धा म्हणतो. मंडळीने कायद्याच्या मागे राहावे काय?

आणि ज्यांच्या घरी हे दुःख घडून गेले आहे, त्यांना शेवटच्या बाकावर बसू देऊ नका. त्यांच्या शेजारी जाऊन बसा. गेलेल्याचा न्याय आपल्याकडे सोपविलेला नाही. देवाच्या प्रीतीपासून मरणही आपल्याला तोडू शकत नाही, असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल लिहितो, तेव्हा तो कोणत्याही मरणाला त्यातून वगळत नाही.

शेवटी, हे वाचणाऱ्यांत कदाचित असा एखादा बंधू असेल, ज्याने मनातल्या मनात तलवार उपसली आहे. दादा, तुम्ही अजून बंदिवान मोजलेले नाहीत. अंधारात दिलेला निकाल खरा मानू नका. आज रात्रीच १४४१६ ला फोन करा, किंवा शेजारच्या घराचे दार वाजवा. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पहारा दिलात. एक रात्र आम्हाला तुमच्यासाठी पहारा देऊ द्या. आम्ही येथेच आहोत.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, ज्यांना रात्री झोप येत नाही त्यांच्यापाशी तू जागा आहेस. आम्हालाही जागे कर. आम्हाला विचारण्याचे धैर्य दे, ऐकण्याचा धीर दे, आणि ‘आम्ही आहोत’ असे म्हटल्यावर तेथेच थांबण्याची कृपा दे. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.